शास्त्रीय कारण द्या : सोडियम रॉकेलमध्ये ठेवतात

माध्यमिक शाळेतून बाहेर पडलेल्या मराठी विद्यार्थ्याला रसायनशास्त्रातले जे चार-दोन प्रश्न जन्मभर आठवतात, त्यांत हा एक हमखास असतो. 'शास्त्रीय कारणे द्या' या सदराखाली तो येतो, त्याला दोन गुण असतात आणि त्याचे उत्तर ठरलेले आहे. सोडियम हा अतिशय क्रियाशील धातू आहे. हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांच्याशी त्याची जोरदार अभिक्रिया होऊन तो पेट घेतो. म्हणून तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. शब्द थोडेफार बदलतात. हल्लीच्या पुस्तकांत रॉकेलऐवजी केरोसीन असते. पण फळ्यावरून वहीत, वहीतून उत्तरपत्रिकेत असे हे उत्तर पिढ्यानपिढ्या उतरत आले आहे.

या उत्तराची चिकित्सा करावी असे आम्हांला वाटण्याचे कारण म्हणजे धोकादायक रसायनांच्या साठवणुकीविषयी बहुसंख्य विद्यार्थ्यांना शाळेत जे शिकवले जाते, ते जवळजवळ एवढेच असते. याच्या जोडीला 'पांढरा फॉस्फरस पाण्यात ठेवतात' आणि 'आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे' ही दोन वाक्ये. तेवढ्यावर विद्यार्थी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, तिथून कारखान्यात, गोदामात, शेतीच्या औषधांच्या दुकानात किंवा पुन्हा शिक्षक म्हणून शाळेच्या कपाटापाशी जातो. तेव्हा या शिदोरीत नेमके काय आहे, हे पाहायला हवे.

पहिली गोष्ट, उत्तरातला 'पेट घेतो' हा भाग सैल आहे. सोडियमचा तुकडा कोरड्या चाकूने कापला, तर कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. कोरड्या हवेत, नेहमीच्या तापमानाला तो पेटत नाही. त्याच्यावर ऑक्साइडचा, मग हायड्रॉक्साइडचा आणि शेवटी कार्बोनेटचा थर चढतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत तो अक्षरशः पाझरू लागतो, आणि पाझरते ते दाहक सोडियम हायड्रॉक्साइडचे तीव्र द्रावण असते. पेटण्याचा धोका आहेच, पण तो सोडियम तापला किंवा त्याला पाणी मिळाले म्हणजे. 'उघड्यावर ठेवताच पेट घेतो' असे शिकलेल्या मुलाने टेबलावर पडलेला, न पेटलेला तुकडा पाहिला, तर तो काय समजेल? हे सोडियम नव्हे, किंवा हे सोडियम निरुपद्रवी झाले आहे. दोन्ही समज घातक आहेत. बाहेरून पांढुरक्या खडूसारख्या दिसणाऱ्या तुकड्याच्या पोटात धातू जसाच्या तसा शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रश्नात दोन पदार्थ आहेत, सोडियम आणि रॉकेल. उत्तर मात्र फक्त सोडियमविषयी बोलते. सोडियमला झाकण का हवे हे ते सांगते. ते झाकण रॉकेलचेच का, याविषयी अवाक्षर नाही. पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये नाही, क्लोरोफॉर्ममध्ये नाही आणि रॉकेलमध्येच का? विद्यार्थ्याने हे विचारले तर 'रॉकेलशी सोडियमची अभिक्रिया होत नाही' असे सांगून वेळ निभावते. पण का होत नाही, हाच तर रसायनशास्त्राचा भाग आहे.

रॉकेल म्हणजे हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यातला प्रत्येक हायड्रोजन कार्बनला घट्ट जोडलेला असतो. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये तो ऑक्सिजनला जोडलेला असतो आणि सोडियम त्याला सहज हुसकावून लावते. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड यांत तर क्लोरीन आहे. या द्रवांबरोबर सोडियमचे मिश्रण नुसत्या धक्क्यानेही स्फोट पावू शकते. दिसायला सगळे स्वच्छ, पातळ, पाण्यात न मिसळणारे द्रव. पण एक पांघरूण आहे आणि दुसरा सुरुंग. हा फरक समजला तर रॉकेल या नावाला फारसे महत्त्व उरत नाही. हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये विद्युत अपघटनाने आधी पोटॅशियम आणि काही दिवसांतच सोडियम मिळवले, तेव्हा आपले रॉकेल बाजारात यायचे होते. हे धातू टिकवायला त्याने निरनिराळे द्रव वापरून पाहिले आणि नॅप्था पसंत केला. म्हणजे मूळ शोधकाने ही गोष्ट प्रयोग करून ठरवली. आपण ती पाठ करतो.

आता घनतेकडे वळू. सोडियमची घनता घन सेंटिमीटरला ०.९७ ग्रॅम, रॉकेलची सुमारे ०.८. म्हणून सोडियम बुडते, आणि बुडते म्हणूनच झाकले जाते. पोटॅशियम ०.८६, तेही बुडते. लिथियम मात्र ०.५३. ते रॉकेलवर बुचासारखे तरंगते आणि त्याची वरची बाजू हवेत उघडी राहते. म्हणून लिथियम पेट्रोलियम जेलीत किंवा पॅराफिन मेणात माखून, नाहीतर आरगॉन वायूत बंद करून ठेवतात. 'अल्क धातू रॉकेलमध्ये ठेवतात' असे सरसकट वाक्य ज्याने पाठ केले आहे, त्याला हे सुचणार नाही. ज्याला घनतेचा तक्ता वाचता येतो, त्याला न सांगता सुचेल. इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला तो निश्चित वाचता येतो. आपण त्याला या प्रश्नापाशी तो कधी उघडायला लावत नाही, इतकेच.

घनतेच्या याच हिशेबात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दडलेली आहे. पिंपातून, डब्यातून, फनेलातून फिरत आलेल्या रॉकेलमध्ये बरेचदा पाण्याचे थेंब असतात. पाणी रॉकेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. आणि सोडियमही तळाशीच असते! तेव्हा बाटलीत ओतण्यापूर्वी रॉकेल निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर ठेवून कोरडे करावे, ही सूचना प्रात्यक्षिकाच्या पुस्तकात सोडियमच्या पहिल्याच परिच्छेदात हवी. शिवाय रॉकेल सावकाश उडून जाते. जूनमध्ये पुरते बुडालेले सोडियम पुढच्या मार्चमध्ये अर्धे उघडे पडलेले आम्ही एकाहून अधिक शाळांत पाहिले आहे. 'ठेवतात' हे क्रियापद फसवे आहे. त्यात ठेवून विसरून जाणे अध्याहृत असते. खरे तर ठेवणे ही दर महिन्याला करायची गोष्ट आहे : बाटली उजेडात धरायची, पातळी पाहायची, तारीख लिहायची.

आता तर शहरांतून रॉकेलच दिसेनासे झाले आहे आणि खेड्यांतही रेशनवर पूर्वीसारखे मिळत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतल्या बाईंना 'रॉकेलऐवजी काय चालेल?' हा प्रश्न खरोखरच पडतो. पाठ केलेले उत्तर इथे मुके होते. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चालते, किंबहुना रॉकेलपेक्षा चांगले. ते सहजासहजी उडत नाही आणि पेटायलाही कठीण. खाद्यतेल मात्र चालणार नाही. त्यात ऑक्सिजनयुक्त एस्टर असतात, शिवाय थोडी मुक्त मेदाम्लेही असतात. तीन वाक्यांचे हे उत्तर देता आले, तर दोन गुण जरूर द्यावेत.

पोटॅशियमविषयी वेगळे सांगायला हवे, कारण पुस्तकांत ते सोडियमच्या पंगतीला बसवलेले असते. 'सोडियम व पोटॅशियम' असा जोडशब्दच झाला आहे. तेलाखाली ठेवलेल्या पोटॅशियमवरही झिरपणाऱ्या ऑक्सिजनामुळे काळाच्या ओघात पिवळसर-नारिंगी कवच चढू शकते. ते पोटॅशियम सुपरऑक्साइड असते. हा जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, आणि त्याच्या एका बाजूला धातू व दुसऱ्या बाजूला तेल असते. असा तुकडा चाकूने कापताना कवच आत दाबले जाऊन स्फोट झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. सोडियम जुने झाले तर बहुधा निकामी होते. पोटॅशियम जुने झाले तर अधिक धोकादायक होते. हा फरक न सांगणारे पुस्तक विद्यार्थ्याला आणि त्याहून अधिक शिक्षकाला अडचणीत टाकते. शालेय प्रयोगासाठी पोटॅशियम ठेवूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उत्तरात न आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे प्रमाण. 'सोडियमचा लहानसा तुकडा घ्या.' लहानसा म्हणजे केवढा? एक सेंटिमीटर बाजू असलेला ठोकळा कुणाच्याही दृष्टीने लहानसाच. त्याचे वजन साधारण एक ग्रॅम. पाण्याशी त्याची अभिक्रिया झाली तर सुमारे आठ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे पाव वाटीहून कमी, पंचवीस ग्रॅम पाणी उकळीला आणण्याइतकी, आणि अर्धा लिटर हायड्रोजन तयार होतो. हे सगळे काही सेकंदांत आणि एकाच जागी. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला तर वजन ग्रॅमच्या पन्नासाव्या भागाइतके आणि हायड्रोजन दहा मिलिलिटर. तो पाण्यावर सुर् सुर् करत धावतो, वितळून गोळी होतो, कारण सोडियमचा द्रवणांक ९८ अंश सेल्सिअस आहे. फेनॉल्फ्थॅलीन घातलेले पाणी मागे गुलाबी रेघ काढत जाते. जे शिकवायचे ते सारे या एका दाण्यात दिसते. आपल्या पुस्तकांत 'लहानसा' हा शब्द खोडून तिथे 'तांदळाच्या दाण्याएवढा' असे छापले, तर त्या एका दुरुस्तीने जेवढे अपघात टळतील तेवढे 'काळजी घ्यावी' या दोन शब्दांच्या सूचनेने टळणार नाहीत.

जाता जाता आणखी दोन बाबी. जुन्या प्रात्यक्षिक पुस्तकांत सोडियम तारेच्या जाळीत गुंडाळून पाण्याखाली धरायची आणि वायू परीक्षानळीत गोळा करायची कृती असे. ती करू नये. धातू हलू शकत नाही, उष्णता कोंडते आणि वर हायड्रोजन साठतो. दुसरे असे की, ज्योत विझली म्हणजे प्रयोग संपला असे समजून मुले पुढे वाकतात. नेमक्या त्याच वेळी शेवटची तापलेली दाहक गोळी फुटून शिंतोडे उडतात. गॉगल तोवर डोळ्यांवरच हवा.

इथे पुस्तकांच्या बचावासाठीही एक गोष्ट सांगू. सोडियमचा स्फोट का होतो याचे पुस्तकी उत्तर, 'हायड्रोजन पेटतो म्हणून', हे पुस्तकांनी मनाने रचलेले नाही. दीर्घ काळ शास्त्रज्ञही तसेच मानत होते. पण त्यात एक खोच होती. धातू आणि पाणी यांच्यामध्ये वाफेचा व हायड्रोजनचा पडदा तयार झाला तर अभिक्रिया मंदावायला हवी. ती भडकते कशी? प्राग येथील पावेल युंगवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रधातूचे थेंब पाण्यात सोडून अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाण्याला स्पर्श होताच मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात थेंबातून धातूचे काटे बाहेर फेकले जातात. इलेक्ट्रॉन पाण्यात निघून गेल्यामुळे धातूचा पृष्ठभाग धनप्रभारित होतो, सारख्या प्रभारांच्या प्रतिकर्षणाने तो फाटतो आणि पाण्याला नवा, मोठा पृष्ठभाग मिळतो. हायड्रोजन पेटतो तो नंतर. शाळेतला हा शिळा वाटणारा प्रयोग दोनशे वर्षांनंतरही नवे काही सांगू शकला, हे मुलांना जरूर सांगावे. मात्र त्यातून 'मोठा तुकडा टाकून पाहू' अशी हौस वाढू नये.

ती हौस वाढवणारी चित्रफीत उपलब्ध आहेच. महायुद्धानंतर उरलेले सुमारे वीस हजार पौंड सोडियम अमेरिकी सरकारच्या यंत्रणेने १९४७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर सरोवरात ढकलून दिले, त्याचे चित्रण आज कुणालाही पाहता येते. पिंपे उतारावरून गडगडत जातात, गोठलेल्या सरोवरावर पाण्याचे आणि धुराचे प्रचंड लोट उठतात. वर्गात ते दाखवले की मुले टाळ्या वाजवतात. चित्रफितीवर आमचा राग नाही. तिच्याबरोबर शिक्षकाने जो प्रश्न विचारायला हवा तो विचारला जात नाही, ही तक्रार आहे. हा तमाशा करण्याची वेळ का आली? गरजेपेक्षा जास्त साठा केला, आणि तो नको झाला तेव्हा सुरक्षितपणे नष्ट करायची सोय नव्हती. सरोवर आधीच अल्कधर्मी होते, एवढाच आधार. शाळेच्या कपाटात पंधरा वर्षे पडून असलेली पाचशे ग्रॅमची बाटली हे त्याच गोष्टीचे छोटे रूप आहे. वर्षाला दहा तांदूळ लागत असतील तर पाचशे ग्रॅम मागवायचे कशाला? पाचशे ग्रॅमची बाटली पंचवीस ग्रॅमच्या बाटलीपेक्षा प्रमाणात स्वस्त पडते, हे त्याचे खरे कारण असते.

आता समजा, काळजी घेऊनही पेटलेच. पाठ केलेले उत्तर इथे केवळ अपुरे नाही, तर निरुपयोगी आहे, कारण आगीवर पाणी मारायचे हे आपल्या हाडीमांसी खिळले आहे. सोडियमच्या आगीवर पाणी म्हणजे आगीत तेल, हे सांगितले की मुले कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याकडे बोट दाखवतात. तापलेले सोडियम कार्बन डायऑक्साइडशीही अभिक्रिया करते. शाळेच्या भिंतीवर टांगलेले नेहमीच्या चूर्णाचे अग्निशामक धातूच्या आगीसाठी बनवलेले नसते. मग काय वापरायचे? कोरडे सोडियम कार्बोनेट, कोरडी वाळू किंवा कोरडे मीठ. होय, साधे मीठ; सोडियमची आग सोडियम क्लोराइडने झाकता येते. ते वितळत नाही, जळत नाही आणि हवा तोडते. धातूच्या आगीसाठी बनवलेल्या खास अग्निशामकांतही अनेकदा हेच असते.

भर आहे तो 'कोरडी' या शब्दावर. वाळूच्या लाल बादल्या आपल्या शाळांत व्हरांड्यात टांगलेल्या असतात. चार महिने पावसाची झड त्यांच्यावर येते, जाणारे-येणारे त्यांत पानाच्या पिचकाऱ्या मारतात. ऑगस्टमधली ती वाळू सोडियमवर टाकणे म्हणजे पाणीच टाकणे. कागदावर 'अग्निशमनाची सोय : आहे' असे लिहिता येते, तपासणीत ते मान्यही होते. झाकणाचा पाच किलोचा प्लास्टिकचा डबा, त्यात तव्यावर भाजून कोरडे केलेले मीठ आणि प्रयोगाच्या टेबलावर त्याची जागा, एवढे केले तर खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या आत येतो.

कपड्यांविषयी आमच्या पुस्तकांत एक ओळ नसते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डिसेंबर २००८ मध्ये एक तेवीस वर्षांची संशोधन साहाय्यक हवेत आपोआप पेटणारे टर्शियरी ब्युटाइल लिथियम प्लास्टिकच्या सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटून बाहेर आला, द्रव अंगावर सांडला आणि पेटला. तिने प्रयोगशाळेचा कोट घातला नव्हता. अंगात कृत्रिम धाग्यांचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती दगावली. जगातल्या नामवंत विद्यापीठातली ही गोष्ट. आपल्या मुलांचे गणवेश टेरिकॉटचे, मुलींच्या ओढण्या बहुधा पॉलिएस्टरच्या. हे धागे जळतातच, शिवाय वितळून कातडीला चिकटतात. प्रात्यक्षिकाच्या तासाला सुती कोट किंवा निदान सुती एप्रन असावा, ओढणी मागे बांधावी, ही शिस्तीची नव्हे तर बहुवारिकांच्या धड्यातली बाब आहे. पण बहुवारिकांच्या धड्यात ती नसते आणि धातूंच्या धड्यातही नसते.

कपाटाकडे वळू. बाटली एकटी नसते, तिला शेजार असतो. बहुतेक शाळांत रसायने इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली असतात, कारण साठा-नोंदवही तशी असते आणि तपासणीला सोयीचे पडते. या सोयीमुळे 'पी'च्या फळीवर फॉस्फरस, पोटॅशियम क्लोरेट आणि पोटॅशियम परमँगनेट मांडीला मांडी लावून बसतात. 'एस'च्या फळीवर सोडियम, सोडियम नायट्रेट, गंधक आणि सल्फ्युरिक आम्ल. तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण नुसत्या घर्षणाने उडते. काडीपेटीत हेच दोन पदार्थ असतात, पण एक काडीच्या डोक्यात आणि दुसरा पेटीच्या बाजूला. खिशात घेऊन फिरता येईल इतकी ती सुरक्षित आहे ती या विभक्तपणामुळेच. कपाट लावताना ज्वालाग्राही, ऑक्सिडीकारक, आम्ले, आणि पाण्याशी तीव्र अभिक्रिया करणारी असे चार घर केले, आम्ले खालच्या फळीवर तबकात ठेवली, चौथ्या घराला बेसिनपासून आणि गळक्या छतापासून दूरची भिंत दिली, तर निम्मे काम होते. गळके छत हा आम्ही विनोद म्हणून लिहीत नाही.

या चौथ्या घरात सोडियमशिवाय काय काय येते, हे आपल्या विद्यार्थ्यांना माहीत नसते, आणि या उत्तरावरचा आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. पाण्याशी भांडणारे सोडियम हा जणू अपवाद, निसर्गाची एक गंमत, असा समज त्यातून होतो. चुनकळी पाण्यात टाकली की खदखदते हे घर रंगवताना पाहिलेले असते; त्या शिंतोड्यांनी डोळे गेलेले असतात. कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी त्याच्या पुड्या सापडतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून ॲसिटिलीन निघतो आणि त्याबरोबर अशुद्धींमुळे फॉस्फीन व आर्सीनही. बारावीच्या प्रयोगशाळेतले निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड आणि फॉस्फरस पेंटाक्लोराइड ओलावा शोषून बंद बाटलीत हायड्रोजन क्लोराइडचा दाब साठवतात. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर ते येते. आणि धान्याच्या कोठीत टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत, पण त्या घराघरांत पोहोचतात. त्या नुसत्या विषारी नाहीत. ओलाव्याशी अभिक्रिया होऊन त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. टेक्सासमधल्या अमॅरिलो गावी जानेवारी २०१७ मध्ये एका घराखाली असे कीटकनाशक टाकलेले होते. वास येतो म्हणून ते पाण्याने धुऊन काढण्याचा प्रयत्न झाला. त्या घरातली चार मुले दगावली. सांडले तर धुऊन टाकावे, ही आपलीही पहिली प्रतिक्रिया असते.

आणि भोपाळ. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडले, ते विद्यार्थी वाचतो ते बहुधा प्रदूषणाच्या नाहीतर आपत्तीच्या प्रकरणात : विषारी वायूची गळती, हजारो बळी. या वाक्यात पाणी हा शब्द नसतो. वस्तुस्थिती अशी की सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट असलेल्या एका टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले याविषयी कंपनीचे आणि इतरांचे म्हणणे वेगळे आहे. शिरले याविषयी वाद नाही. अभिक्रिया उष्मादायी, तिच्यात कार्बन डायऑक्साइड तयार होऊन दाब वाढतो, आणि या द्रवाचा उत्कलनांक अवघा ३९ अंश. तो थंड ठेवायची शीतक यंत्रणा महिनोन् महिने बंद होती. बाहेर पडणारा वायू जाळून टाकायची व्यवस्थाही त्या रात्री चालू नव्हती. म्हणजे हा साठवणुकीचा, 'शास्त्रीय कारणे द्या'चाच प्रश्न होता. पाण्याशी अभिक्रिया करणारा द्रव, इतक्या मोठ्या प्रमाणात, न थंड करता, दाट वस्तीशेजारी. रसायनशास्त्राच्या धड्यात सोडियम आणि पर्यावरणाच्या धड्यात भोपाळ अशी वाटणी केल्यामुळे, दोन्हींत एकच रसायनशास्त्र आहे हे मुलाला कधी कळतच नाही. त्या घटनेनंतर १९८९ मध्ये घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण व आयातीचे नियम झाले. ते उद्योगांसाठी आणि मोठ्या साठ्यांसाठी. शाळेच्या कपाटाची जबाबदारी शिक्षकाच्या समजेवरच राहिली.

याच्या उलट बाजूही आहे. पाणी प्रत्येकाचे वैरी नाही. चीनमधल्या तिआनजिन बंदरात १२ ऑगस्ट २०१५ रोजी गोदाम उडाले, तेव्हा अग्निशामक दलाने मारलेल्या पाण्याची कॅल्शियम कार्बाइडशी गाठ पडली असावी असे प्रथम बोलले गेले. अधिकृत चौकशीत मात्र कारण निघाले ते उलट : ओले ठेवायचे नायट्रोसेल्युलोज उन्हाळ्यात वाळले, आपोआप पेटले आणि आग अमोनियम नायट्रेटपर्यंत पोहोचली. दीडशेहून अधिक माणसे गेली. जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत पिक्रिक आम्लाच्या बाटल्या असतात. तेही ओलेच ठेवायचे असते आणि वाळल्यावर स्फोटक होते. अशी वाळलेली बाटली दिसली तर झाकणाला हात लावू नये, खोली बंद करून जाणकाराला बोलवावे.

काही शिक्षक म्हणतात, एवढी कटकट असेल तर सोडियम ठेवूच नये, चित्रफीत दाखवावी. ज्या शाळेत कोरडी वाळू नाही, गॉगल नाही आणि तुकडा कापलेला माणूस नाही, तिथे हे म्हणणे आम्हांला पूर्ण मान्य आहे. पण सरसकट नाही. कपाट रिकामे केले तरी चुनकळी, कार्बाइड, गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर मुलाच्या घरी आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत असणारच. त्यांच्याकडे बघण्याची नजर कुठेतरी घडवावी लागेल, आणि ती तांदळाच्या दाण्याएवढ्या सोडियमवर सर्वांत स्वस्तात घडते. प्रश्नही बदलता येतील. 'लिथियम रॉकेलमध्ये का ठेवत नाहीत?', 'सोडियमच्या बाटलीत तळाशी पाण्याचा थेंब असेल तर काय होईल?', 'महामार्गावरच्या टँकरच्या फलकावर आपत्कालीन संकेताचा पहिला अंक ४ आहे. अग्निशामक दलाला तो काय सांगतो?' (तो सांगतो की पाणी नको, कोरडा पदार्थ वापरा.) यांतल्या एकाचेही उत्तर मार्गदर्शकात सापडणार नाही, निदान पहिल्या वर्षी तरी.

हे वाचून कुणी कपाट उघडले आणि जुने सोडियम सापडले, तर काय करावे हे सांगायला हवे. ते बेसिनमध्ये, नाल्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नये; डब्यातल्या ओल्या कागदानेही आग लागते. बाटली फुगलेली, झाकण गंजलेले, किंवा आत पिवळट-नारिंगी कवचाचे पोटॅशियम असेल तर हात न लावता जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला कळवावे. स्वच्छ सोडियमचे चार-दोन बारीक तुकडेच असतील, आणि सोबत हे काम केलेला माणूस असेल, तर मोकळ्या हवेत, आसपास ज्योत नसताना, गॉगल घालून, कोरड्या चंचुपात्रातल्या भरपूर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते एकेक करून चिमट्याने सोडावेत. बुडबुडे सावकाश येतात. घाई करू नये, तासन् तास लागू शकतात. बुडबुडे पूर्ण थांबले आणि धातूचा कण दिसेनासा झाला की मगच थोडे स्पिरिट आणि त्यानंतर थेंब थेंब पाणी. मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल प्रयोगशाळेच्या प्रतीचेच घ्यावे. करोनाच्या साथीपासून शाळेत उरलेल्या हात निर्जंतुक करायच्या बाटलीवरही तेच नाव छापलेले असते, पण तिच्यात साधारण पाव हिस्सा पाणी असते.